बिबट्याचा डबा

डबा मीच बनवला होता, त्यामुळे त्याची बाजू मीच घेणार, हे आधीच सांगून टाकते.

पांढरा, प्लास्टिकचा, चौकोनी डबा. घराबाहेर लाइटच्या मीटरवर बसवतात ना, तसला. आत दोन सर्किट बोर्ड, एकाखाली एक. वरच्या बोर्डाला डोळा आहे. समोरून काही गरम आणि हलणारं गेलं की त्याला कळतं. खालच्या बोर्डाला तोंड, म्हणजे भोंगा, लाल दिवा आणि आवाज भरून ठेवलेली चिप. दोन्ही एकाच बोर्डावर घेता आलं असतं, पण भोंगा सुरू झाला की इतका करंट ओढतो की डोळ्याला भलतंसलतं दिसायला लागतं. म्हणून दोघांना वेगळं बिऱ्हाड दिलं आणि मध्ये एक चपटी रिबन केबल टाकली. केबल नीट बसलेली असली की डोळ्याने पाहिलेलं तोंड बोलतं. केबल निघाली की डोळा सगळं बघतो आणि तोंड गप्प बसतं. आमच्या घरातल्या सुनांचं पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं आहे.

मी धनश्री. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन कोल्हारच्या बाहेर, उसात बुडालेल्या एका वस्तीवर आले. गावात स्टँडजवळ सासऱ्यांचा एक गाळा रिकामा पडला होता. तिथे मी रिपेअरिंगचं दुकान टाकलं. मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर, मिक्सर, जे येईल ते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. गाव त्यांना आप्पासाहेब म्हणतं, आणि त्यांची पाठ वळली की जे म्हणतं ते लिहिण्यासारखं नाही. माझा नवरा रामहरी मनाने चांगला आहे, पण बापासमोर त्याची रिबन कायम निघालेली असते.

दिवाळी झाली आणि शेजारच्या श्रीमंतच्या गोठ्यातून बिबट्याने कालवड ओढून नेली. श्रीमंत आमचा भाऊबंद, बांधाला बांध लागून. कालवड गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण ती आमची नव्हती याचं जास्त होतं. सगळ्या वस्तीची दारं दिवेलागणीलाच बंद व्हायला लागली. तेव्हा मी हा डबा बनवायला घेतला. मामा गाळ्यात आले, टेबलावरचे दोन बोर्ड बघितले आणि म्हणाले, "सूनबाई, एक काय ते ठरवून टाकू. ऊस संपेपर्यंत हा डबा चालला अन सरपंचांनी समद्या वस्त्यांना घेतला, तर गाळा तुझा. न्हाई चालला तर पाडव्याला गाळ्यात रसवंती टाकायची. चरक बघून ठेवलाय मी."

मी हो म्हणाले. रागाच्या भरात मी नेहमीच हो म्हणते. पण त्या गाळ्यात मला धनश्री म्हणून ओळखणारी माणसं येत होती, आप्पासाहेबांची सून म्हणून नव्हे. तो गेला असता तर मला दिवसभर शेणाच्या पाट्या आणि आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं तेल, एवढंच उरलं असतं. ते मला नको होतं.

भोंग्यात आवाज कुणाचा भरायचा यावर चर्चा झालीच नाही. मामांनी घसा साफ केला आणि माझ्या मोबाईलमध्ये तोंड घालून ओरडले, "सावधान! बिबट्या आलाय! लेकरं आत घ्या!" इतक्या जोरात की अंगणातली कोंबडी खरोखरच आत पळाली.

खांब मी वस्ती आणि ऊस यांच्यामधल्या बांधावर रोवला, डोळा उसातून येणाऱ्या पायवाटेकडे केला. त्याच बांधाच्या टोकाला, आमच्या पडीक तुकड्यात, पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. चटया आणि पाचटाच्या झोपड्या, कशालाही दार नाही, आत लेकरं. खरं तर बिबट्याची पहिली गाठ त्यांच्याशीच पडायची. तरी डबा लावताना त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. डबा दिवस बुडाल्यापासून सकाळी सातपर्यंत चालू राहील असा लावला. माणसात आणि बिबट्यात ह्या डोळ्याला फरक कळत नाही हे मला ठाऊक होतं, पण पहाटे त्या वाटेने जातंय कोण, असं मी धरून चालले. धरून चालायला काय जातं? माझ्या खोलीला लागून टाइल्सचा संडास आहे.

दुसऱ्याच पहाटे डबा वाजला. लाल दिवा गरगर फिरतोय, मामांचा आवाज शिवारभर घुमतोय, सगळी वस्ती काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बांधावर. बिबट्या काही दिसला नाही. तिसऱ्या दिवशी वाजला. चौथ्या दिवशी दोनदा वाजला, एकदा अंधारात आणि एकदा चांगलं फटफटल्यावर. त्या दुसऱ्या वेळी तर मामा स्वतःच उसातून बाहेर आले. एक हात पाठीमागे, धोतर जरा घाईत खोचलेलं. "शेपूट बघितली!" असं त्यांनी जाहीर केलं. "ही एवढी! माझा आवाज ऐकला अन पळालं."

मग काय, आमची वस्ती गाजली. मोबाईलवर बातम्या देणारा एक चॅनेलवाला येऊन मामांची मुलाखत घेऊन गेला. त्यात शेपटाची लांबी वाढली आणि बिबट्याला दोन बछडे झाले. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा आणून लावला, आत एक शेळी. ती शेळी रोज पहाटे मामांचा आवाज ऐकून इतकी वैतागली की तिने चारा सोडला. मी मात्र हवेत होते. गाळ्याच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

आणि डबा गप्प झाला.

एक दिवस गेला, दोन दिवस गेले. मामा चहा पिताना मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "रामहरी, चरकाला मोटार कितीची लागंल रं?" मी तडक शिडी घेऊन खांबावर चढले आणि डबा उघडला. रिबन केबल निघून लोंबत होती. एका टोकाला नाही, चक्क दोन्ही टोकांनी सैल. खोबणीत दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे लॉक लावले, हात हलवून बघितला. डबा बोंबलला. पुढच्या पहाटे परत गप्प. परत शिडी, परत केबल बाहेर. मी म्हटलं उंदीर असेल. तिसऱ्या वेळी उघडलं तर केबल बसलेली होती, पण उलटी. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती डावीकडे यायला हवी. ती उजवीकडे होती. उंदीर केबल कुरतडतात, उलटी बसवत नाहीत.

माझा पहिला संशय अर्थातच मामांवर गेला. रसवंतीचं खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "मी शिडीवर चढंन का या वयात? अन माझाच आवाज मी बंद करीन?" यातलं दुसरं कारण मला पटलं. मामा जगात काहीही बंद करतील, स्वतःचा आवाज नाही.

मग मी पहाटे उठून गोठ्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. थंडी अशी की दात वाजत होते. उगवतीकडे जरासं पांढरं व्हायला लागलं तेव्हा कोप्यांच्या बाजूने एक बाई आली. डोक्याला टॉवेल, लुगड्याचा काष्टा, एका हातात पाटी आणि दुसऱ्यात कोयता. तिने खांबाच्या बुडाशी पडलेल्या दगडांवर पाटी पालथी घातली, टाचा उंचावून वर उभी राहिली, कोयत्याच्या टोकाने डब्याचं झाकण उचकटलं आणि आत हात घातला. ती डोळ्याच्या मागच्या बाजूने आली होती, त्यामुळे डब्याला तिचा पत्ताही लागला नव्हता. टोळीतली कडूबाई होती. तिला मी ओळखत होते, कारण अख्ख्या टोळीत मुकादमाला शिव्या देऊ शकणारी ती एकटीच.

"काय चाललंय मावशी?" मी पुढे होऊन विचारलं.

ती दचकली बिचकली नाही. केबल बोटात धरून म्हणाली, "तुमच्या डब्याचं तोंड धरायलेय. जरा दम काढा. बाया खोळंबल्यात."

"कुठल्या बाया? कशासाठी?"

"आता ते बी फोडून सांगू का मालकीणबाई?" तिने केबल ओढली आणि कोप्यांकडे हात केला. तिकडून पाचसहा जणी मान खाली घालून निघाल्या. प्रत्येकीच्या हातात टमरेल. डब्यासमोरून एकेक जण पुढे गेली आणि उसात शिरली. डोळ्याने त्या सगळ्यांना बघितलं असणार. तोंड गप्प राहिलं.

म्हणजे बिबट्या नव्हताच. बछडे नव्हते, शेपूट नव्हतं. पंधरवडाभर मी ह्या बायांच्या डोक्यावर लाल दिवा फिरवत होते.

कडूबाई पाटीवरून उतरली. आता तिला बोलायचंच होतं. "पयल्या दिशी वाजला तव्हा मी बसलेले. उठावं तर वस्तीचे समदे बाप्ये बॅटऱ्या घेऊन बांधावं. बसावं तर उजेड तोंडावं. काय करायचं? माझी सून हाय, सुकन्या, वली बाळंतीन. तिनं तर जायाचंच सोडलं. पोटात कळा घेऊन ऊस तोडती. पानी प्याली तर जावं लागंल म्हनून पानी पीत न्हाई, अन पानी पीत न्हाई म्हनून लेकराला दूध उतरंना. मंग मी म्हनलं, चला, ह्या डब्याचंच काय ते बघू."

"आणि बिबट्या खरंच आला तर?"

"म्हनून तर माघारी येऊन परत लावत हुते ती पट्टी! आमचीच लेकरं झोळीत हायेत की. पर तुमची पट्टी लई नखऱ्याची. कंची बाजू कुठं जाती काय कळंना." मग ती खांबाला टेकून म्हणाली, "बिबट्याला मी कोयता दाखवून हाकलीन. तुमच्या बॅटऱ्यांना कशी हाकलू?"

मला लाज वाटली. अशी लाज की पायांखालची ढेकळं बघत राहावीशी वाटली. तेवढ्यात कडूबाई खुदकन हसली.

"आमचं सोडा. आमी अंधारात जाऊन येतो तरी. तुमचा म्हातारा तर उजाडल्यावं येतो."

"कोण म्हातारा?"

"आप्पासायेब. रोज. बांधावरच्या आंब्याखाली त्येंची ठरलेली जागा हाय. डबा बंद असला की गानं म्हनत बसत्यात."

"मामा?" माझा आवाज नको तितका चढला. "आमच्या घरात दोन संडास आहेत! एकाच्या टाइल्स मामांनी स्वतः राहत्याला जाऊन पसंत केल्यात!"

"मंग त्येंनाच इचारा टायलीवर का व्हत न्हाई ते."

मला एकदम ते फटफटल्यावरचं शेपूट आठवलं. पाठीमागे धरलेला हात आठवला, घाईत खोचलेलं धोतर आठवलं. मी तिथेच बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कारण ह्यात अजून एक गंमत होती. काही वर्षांपूर्वी गाव हागणदारीमुक्त करायचं ठरलं, तेव्हा गुड मॉर्निंग पथकाचे पुढारी मामाच होते. गळ्यात शिट्टी अडकवून ते पहाटे शिवारात फिरायचे. टमरेलवाला दिसला की शिट्टी, मग गुलाबाचं फूल, मग फोटो. त्याबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्याच भरात पंपाजवळ एक सरकारी संडास बांधला गेला. त्याचा फोटो काढून झाल्यावर मामांनी त्यात युरियाच्या गोण्या भरल्या आणि बाहेरून कुलूप लावलं.

हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पुरती अडकले आहे. डबा अगदी बरोबर चालत होता, पण हे सिद्ध करायचं तर उसात कोण होतं ते सांगावं लागणार. बायांची नावं चव्हाट्यावर आणून मला गाळा नको होता. आणि केबल अशीच लोंबत ठेवली तर गाळा गेलाच, शिवाय ती झोळीतली लेकरं रात्रभर उघड्यावर.

सकाळी मामा अंगणात खाटेवर चहा पीत बसले होते. चेहरा एकदम प्रसन्न. का प्रसन्न ते आता मला माहीत होतं.

"मामा, पंपाजवळचा संडास मोकळा करून द्या."

"कोनासाठी?"

"टोळीतल्या बायांसाठी."

"त्यात युरिया हाय."

"युरिया गोठ्यात ठेवता येईल."

"सूनबाई, आज संडास दिला तर उद्या गिझर मागतील. अन चार महिन्यांनी जानार हायेत ती मानसं."

"चार महिने धरून ठेवू म्हणता?"

रामहरी दाराच्या चौकटीत उभा होता, तो पटकन आत गेला. मामांनी बशी खाली ठेवली. "ह्या घरात अजून माझं चालतं."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मग असं करते, डब्याची केबल आजच पक्की करते आणि वेळ चांगली आठपर्यंत वाढवते. तुम्हाला फटफटल्यावर आंब्याखाली शेपूट दिसलं होतं ना? ते एकदा पकडूच. सरपंचांना बोलावू, चॅनेलवाल्याला बोलावू. गुलाबाची फुलं मी आणते."

आधी मामांचे कान लाल झाले, मग मान.

"कोनी सांगितलं?"

"डब्याने."

त्यांनी मिशीला पीळ दिला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "किल्ली खुंटीला हाय. अन आंब्याचं कुटं बोलायचं न्हाई."

"कुठल्या आंब्याचं?" मी विचारलं आणि किल्ली घेतली.

दुपारपर्यंत मी आणि रामहरीने गोण्या हलवल्या, कडूबाईने खराट्याने भांडं घासलं, पंपाच्या पाइपला एक तोटी जोडून दिली. मी केबल बसवली, वरून चिकटपट्टी लावली आणि कडूबाईला खडसावून सांगितलं की आता ह्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "आता कशाला लावू? मला काय हौस हाय?" सुकन्या पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा तिची सासू बाहेर कोयता घेऊन पहाऱ्याला उभी होती. मामांनीही बांध बदलला. नदीच्या बाजूला जायला लागले, डब्यापासून लांब.

आणि मग डबा वाजेना.

वाजणार कसा? वाटेने जातंय कोण? पण वस्तीला रोज पहाटे वाजणाऱ्या डब्याची सवय झाली होती. आठवडाभर आवाज नाही म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की डबा मेला. मी सांगून थकले की बाबांनो, गप्प आहे म्हणजे चालू आहे. कुणाला पटेना. तेवढ्यात टोळीतल्या बाया आंब्याखालच्या शेपटावरून आपसात हसल्या, ते बाप्यांनी ऐकलं, बाप्यांनी श्रीमंतला सांगितलं आणि श्रीमंतने दूध डेअरीवर रांगेत उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं. दोन दिवसांत मामांचं नाव बिबट्याआप्पा पडलं. पोरं त्यांना बघून "सावधान!" ओरडायला लागली. वनखात्याची माणसं पिंजरा काढून घेऊन गेली. शेळी तेवढी सुटली.

मामांनी डेअरीवर जायचं बंद केलं आणि सगळा राग माझ्यावर काढला. "गाळ्याची किल्ली दे. त्या डब्यानं माझी अब्रू घेतली."

"सरपंच येऊन बघून नाही म्हणेपर्यंत देणार नाही. तसंच ठरलं होतं."

"येतील उद्या. अन हसून जातील."

आमच्या सरपंच बाई आहेत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरपंचांचे यजमान आले आणि मागून बाई आल्या. यजमान पुढच्या खुर्चीत बसले, बाई आत्याबाईंशेजारी चटईवर. श्रीमंत आमंत्रण नसताना हजर होता. सूर्य बुडालेला, पण अंगणात अजून उजेड होता. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. यजमान कप उचलून घोट घेत, श्रीमंतकडे बघून डोळा मारत म्हणाले, "तर हा तुमचा डबा. कोन कधी जातं त्याची खबर देतो म्हनं?"

मी तोंड उघडणार एवढ्यात डबा वाजला.

"सावधान! बिबट्या आलाय! लेकरं आत घ्या!"

श्रीमंत हसता हसता खुर्चीवरून खालीच घसरला. "आप्पा, आज संध्याकाळीच? पोट बिघडलं काय?" यजमानांच्या नाकातून चहा आला. रामहरीसुद्धा हसला. शेजारच्या अंगणांतून हसण्याचे आवाज यायला लागले. कुणी काठी उचलली नाही, कुणी बॅटरी लावली नाही.

"आरं मी हितं बसलोय!" मामा खाटेवरून ओरडले.

ते खरंच तिथे बसले होते. मी कोप्यांकडे बघितलं. चुली पेटलेल्या, बाया भाकरी थापत होत्या. कडूबाई पिठाने भरलेल्या हातांनी उठून उभी राहिली होती आणि बोट करून एकेकीचं नाव घेत होती. तिचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होता. सुकन्या. मंदा. थोरली. धाकटी. मग ती गर्रकन वळली आणि किंचाळली, "समद्या हायेत! बायांनो, समद्या हितंच हायेत! उसात दुसरंच हाय!"

मी ट्रे टाकला आणि पळत सुटले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कडूबाई घमेलं कोयत्याने बडवत पुढे धावली. टोकाच्या कोपीबाहेर बाभळीला बांधलेली झोळी, आत सुकन्याचं बाळ. झोळीपासून म्हशीच्या दाव्याएवढ्या अंतरावर, लाल दिव्याच्या उजेडात, जमिनीला पोट लावून बसलेला तो. पिवळा, ठिपक्यांचा, अगदी खरा. सुकन्याने जळतं लाकूड फेकलं. माझ्या बाजूला कुणीतरी ट्रे बडवत होतं, मी वळून बघितलं तर सरपंचबाई, पदर खोचलेला, चपला कुठेतरी गेलेल्या. बिबट्याने आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, एवढ्या आरडाओरड्याची गरज नव्हती असं, आणि उठून उसात गेला.

सुकन्याने बाळ झोळीतून काढलं आणि छातीशी घट्ट धरलं. ते झोपेतून उठून रडायला लागलं. मी मातीत बसले आणि त्याच्याबरोबर रडले. कसली लाज!

पुरुषमंडळी काठ्या घेऊन आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. यजमान त्यांच्या गाडीत काचा लावून बसले होते, ते शेवटी उतरले. श्रीमंत ओल्या मातीतला पंजा बघून परत परत पाणी मागत होता. मामा खांबाला हात लावून उभे राहिले. त्यांचा आवाज अजून भोंग्यातून येत होता, पण त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाळ्याला रंग कंचा म्हनत हुतीस?"

यजमानांनी गळा साफ केला. "डबा भारी हाय. समद्या वस्त्यांना लावून टाकू. पर एक सांगा वैनी, मानूस का बिबट्या, हे ह्या डब्याला कळतं का?"

"नाही कळत," मी म्हणाले. कळतं असं सांगायचा मोह झाला होता. पण खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं.

"मंग कसं? रोज उठून हसायचं का पळायचं, कसं ठरवायचं?"

कडूबाई घमेल्यातली माती झटकत होती. ती म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? बायांना हागायला जागा द्या. मंग डबा वाजला तर बिबट्याच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. यजमान पुढाऱ्यासारखं हसले. "ते बघू नंतर. आधी डबे."

"आधी संडास," मी म्हणाले. "ज्या वस्तीवर टोळी आहे आणि संडासाला कुलूप आहे, तिथे मी डबा लावणार नाही."

"सूनबाई!" मामा कळवळले. "धंदा घालवशील हाताचा!"

जाईलही, असं मला वाटलं. यजमानांचा चेहरा पडला होता आणि असा चेहरा पडला की गावातली कामं कुठे जातात ते मला माहीत होतं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

तेवढ्यात सरपंचबाई माझ्याजवळ आल्या. धुळीने भरलेले पाय, हातात पोचे आलेला ट्रे. यजमानांकडे पाठ करून हळूच म्हणाल्या, "ते पंपाजवळचं कुटंशीक हाय गं? सकाळपासून ह्यांच्यासंगं दौऱ्यावर फिरतेय मी."

कडूबाईने पाण्याची बादली उचलली आणि पुढे चालायला लागली.